तीन नंबरची रेषा

तीन नंबरच्या टेनिस कोर्टाची मागची रेषा जाड झाली होती. मी बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो, सहज तिकडे नजर गेली आणि हात नाडीवरच राहिले. कालपरवापर्यंत ती रेषा दोन बोटांची होती. इतकी वर्षं तिच्यामागे उभा राहून मी सर्व्हिस केली, तिची जाडी मला माझ्या घड्याळाच्या पट्ट्याइतकी ओळखीची होती. आता तिथे जवळजवळ हाताचा तळवा मावेल एवढा पांढरा पट्टा होता आणि नव्या रंगाचा वास अजून हवेत होता. कोर्टावर तिघे जण रॅकेटी फिरवत अंग मोकळं करत होते, आणि त्यातल्या एकालाही त्या पट्ट्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं. माझे जोडीदार म्हणजे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. त्यांना मी विचारलं, ही रेषा कोणी जाड केली. ते म्हणाले, जुना रंग उडाला होता ना, म्हणून. मग जाळ्यापलीकडे गेलो. तिकडे आमचे नेहमीचे प्रतिस्पर्धी, दातांचा डॉक्टर आणि त्याचा जावई. डॉक्टर म्हणाला, जुना रंग उडाला होता ना, म्हणून. जावयानेही तेच सांगितलं. खेळून झाल्यावर चहाच्या टेबलाशी क्लबच्या सेक्रेटरीबाई भेटल्या, त्यांनीही तेच. शब्द तेच, मधला 'ना'सुद्धा तोच. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या कोणाच्या कानावरून तो 'ना' निघून गेला असता. मी आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासायचं काम केलं. आग, चोरी, अपघात, खचलेल्या भिंती. लोक रडत यायचे. मी त्यांना आधी पाणी द्यायचो, आणि मग विचारायचो की आग लागली त्या दिवशी दुकानातलं सगळ्यात महागडं यंत्र नेमकं दुरुस्तीला का गेलं होतं. जळालेल्या जागी मी जळालेलं फारसं बघायचो नाही, काय जळलं नाही ते बघायचो. त्या धंद्याने दोन गोष्टी माझ्या हाडात मुरवल्या. ज्यांनी खरोखर काही पाहिलंय त्यांचं सांगणं एकमेकांशी जुळत नाही. एक म्हणतो धूर काळा होता, दुसरा म्हणतो करडा, तिसऱ्याला धूर दिसलेलाच नसतो. सगळ्यांचं उत्तर एकसारखं आलं की समजावं, आधी बसून ठरलेलं आहे. आणि कोणी केलं हे शोधत बसण्याआधी फायदा कोणाला झाला ते शोधावं. बायको म्हणायची, तुम्ही निवृत्त झालात, तुमचा संशय अजून नोकरीवर आहे. हे ती हसून म्हणायची. अलीकडे म्हणताना हसत नव्हती, तेही माझ्या लक्षात होतं.

आमच्या क्लबात पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्याने सांगायचं, आत की बाहेर, आणि समोरच्याने तो शब्द मानायचा. म्हणजे ज्याचा फायदा त्याचीच साक्ष. असला दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी कपातला चहा संपायच्या आत नामंजूर केला असता. तरी दर सकाळी मी याच नियमाने खेळत आलो, कारण दिवसातला तेवढा वेळ कोणाचा तरी शब्द पुराव्याशिवाय घेता येतो याची मला आतून चैन वाटायची. घ्यायचो तेही सुखासुखी नाही. मी 'बाहेर' म्हणालो की डॉक्टर जाळ्यापर्यंत चालत यायचा, रॅकेट कमरेला लावून उभा राहायचा आणि विचारायचा, "काय रे, डोळे गहाण ठेवलेस का?" मग मी त्याने चुकून उपटलेल्या एखाद्या चांगल्या दाताचा उद्धार करायचो, सर घड्याळ दाखवायचे आणि खेळ पुढे सरकायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. मग ते थांबलं. कधी थांबलं ते सांगता येणार नाही. घरातला पंखा बंद पडावा आणि आवाज नाही हे उशिरा लक्षात यावं तसं झालं. मी 'बाहेर' म्हणतो, डॉक्टर मान हलवतो, पुढचा चेंडू घेतो. आधी वाटलं, वयाने शहाणपण आलं असेल. पण हा माणूस पेशंटच्या तोंडात हात घालून त्याच्याशी राजकारणावर भांडतो, तो खेळातला एक गुण असा फुकट सोडायचा नाही. मोठं काही लपवायचं असलं की माणूस बारीकसारीक गोष्टींत भांडत नाही, हे मी पुष्कळ पाहिलं होतं.

त्यात रविवारी क्लबहाऊसमध्ये चहापान झालं. सेक्रेटरीबाई पेशाने आर्किटेक्ट, वयाने आमच्या मुलांएवढ्या, उत्साहाने सगळ्या कमिटीला पुरून उरणाऱ्या. त्यांनी उभं राहून क्लबच्या बातम्या आणि सुधारणा सांगितल्या. चार नंबरचं टेनिस कोर्ट मोडून केलेली पिकलबॉलची कोर्टं तर सगळ्यांना माहीतच होती. दिवसभर तिकडून टक-टक-टक-टक आवाज येतो. कपडे धोपटायच्या थापीसारखी फळी, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू, आणि धावण्यापेक्षा हसणंच जास्त. त्याशिवाय तीन नंबरच्या मागच्या जाळीला गडद हिरवं कापड लावणार. तीन नंबरवर यापुढे नारिंगी चेंडू, प्रयोग म्हणून. क्लबहाऊसच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे आणि बाजूला कठडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हाताची घडी घालून बसलो होतो. टेनिसच्या सगळ्या सुधारणा तीन नंबरवरच का? एक आणि दोन नंबरने काय घोडं मारलं? मी उठून विचारलं, रेषा एवढी जाड करायला कोणाची मंजुरी होती. बाई म्हणाल्या, "काका, नियमात बसतं ते. मागची रेषा तेवढी जाड चालते." घरी येऊन मी नियम पाहिला, खरंच चालत होती. त्याने माझी खात्री आणखी पक्की झाली. भामटा माणूस नियमाच्या बाहेर कधी जात नाही, तो नियमाच्या कडेकडेने चालतो. आणि फायदा? रेषा जाड झाली की लांबून मारलेला चेंडू जास्त वेळा आत पडणार. आमच्यात लांबून, उंच, थेट मागच्या रेषेवर चेंडू टाकणारा एकच माणूस होता. डॉक्टर.

एकदा दाराची फट दिसली की आतलं सगळंच दिसायला लागतं. बायकोने आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नव्हती; गुडघे दुखतात म्हणून ती बाजारातून येतानाही वाटेत दोनदा टेकायची. आणि आता ती हौसेने पिकलबॉल खेळायला जायला लागली होती, पांढरे बूट घालून. तीन नंबरच्या जाळीतून मला ती दिसायची, म्हणजे तिचा निळा टी-शर्ट दिसायचा, तोंड नीट दिसायचं नाही. पाण्याच्या कूलरपाशी ती आणि डॉक्टर बोलत उभे असायचे आणि मी जवळ गेलो की बोलणं बदलायचं. "वहिनी, मग सांगतो," असं त्याने म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. घरातही सुधारणा चालू होत्या. साधे काचेचे पेले कुठे गेले विचारलं तर म्हणाली, फुटले. आणि त्यांच्या जागी आले गडद निळे पेले. न्हाणीघरात डोळे दिपतील असा दिवा आला. जिन्यातला जुना पायपोस गेला. एवढी वर्षं त्याच भांड्यांत आणि त्याच दिव्यांखाली संसार केलेल्या बाईला आता सगळं नवं का लागावं? एकदा कात्री शोधताना तिच्या खणात लाल नेलपॉलिशची बाटली सापडली. तिने ते कधीच लावलेलं मला आठवेना. संध्याकाळी ती पेपर वाचत असताना मी तिच्या नखांकडे पाहिलं. नखं कोरी होती. मग ते लाल नेलपॉलिश कशासाठी आणि कोणाला दाखवायला, हा विचार माझ्या मनात आला आणि मला स्वतःचीच किळस आली. या वयात, या बाईबद्दल. पण आलेला विचार दाराबाहेर उभ्या पाहुण्यासारखा असतो, तो दार उघडेपर्यंत जात नाही. रात्री ती माझ्याकडे पाठ करून झोपली की मी तिच्या श्वासाचा अंदाज घेत पडून राहायचो, आणि वाटायचं, ही जागी आहे आणि मला कळू देत नाही.

मग मला दिसलं की रेषा नुसती जाड नाही, वाकडी आहे. मधोमध, जिथे मी सर्व्हिसला उभा राहतो त्याच्या थोडं डावीकडे, ती आत दबली होती, पाण्यात बुडवलेली काठी दिसते तशी. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला आनंदच झाला. इतके दिवस नुसता वास होता, आता हातात वस्तू आली. मी सरांना दाखवलं. सरांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, असेल. सेक्रेटरीबाईंना बोलावून आणलं, त्या म्हणाल्या, बघते काका. डॉक्टर म्हणाला, सोड ना, खेळू या. मी म्हटलं, तुला एवढी घाई का. तो जाऊन आपल्या जागेवर उभा राहिला. त्या दिवशी मी त्याचे चेंडू एकामागून एक बाहेर दिले. काही मला बाहेर दिसले. काही कुठे पडले तेच कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून बाहेर दिले, कारण वाकड्या रेषेवर ज्याने खेळायला लावलं त्याला संशयाचा फायदा मी का द्यावा? तो मान हलवत राहिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चहाच्या टेबलाशी आठदहा माणसं होती, पलीकडच्या बाकावर बायकोही होती, तिथे मी विचारलं.

"हा रंगवाला क्लबात आणला कोणी?"

"मी," डॉक्टर म्हणाला.

"हां. मग कळलं सगळं."

डॉक्टरने कप बशीत ठेवला, बशी टेबलावर ठेवली, रॅकेट उचलली आणि जावयाला चल म्हणून निघून गेला. आमची मुलं लहान होती तेव्हापासून हा माणूस माझ्या समोर जाळ्यापलीकडे उभा आहे. माझे वडील गेले त्या दिवशी दवाखाना बंद करून तो माझ्या घरी बसला होता, काही न बोलता. आणि तो पाठमोरा चालत जात होता तेव्हा मी विचार करत होतो की दोषी माणूस असाच जातो. घरच्या फाटकाशी बायको म्हणाली, "अहो, त्यांची माफी मागा. आजच." मी म्हटलं, दोरी लावून दाखवतो, मग बघू कोणी कोणाची माफी मागायची ती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मी ती पकडलं गेल्याची भीती समजलो.

दोरी माझ्या जुन्या कामाच्या पिशवीत होती, बारीक, चिवट, पिवळी. खचलेल्या भिंतीचा दावा आला की ही दोरी भिंतीला लावायची. माणूस काय वाटेल ते सांगतो, ताणलेली दोरी सरळच राहते. मी निरोप पाठवला होता, त्यामुळे दुसऱ्या सकाळी तीन नंबरवर सगळे होते. डॉक्टरही आला होता, लांब उभा होता. दोरीचं एक टोक सरांकडे दिलं, दुसरं जावयाकडे, आणि ती रेषेच्या आतल्या कडेला लावून घट्ट ताणायला सांगितलं. मग मी मधोमध जाऊन गुडघ्यावर बसलो. दोरी वाकडी होती. ज्या जागी रेषा दबली होती त्याच जागी दोरीही आत दबलेली होती, रेषेला धरून, तसूभरही इकडेतिकडे नाही. मी जावयाला ओरडलो, ताण नीट. त्याने ताणली. मी बोटाने छेडली तर ती तारेसारखी वाजली. मग मी बोट तिच्यावर ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं. बोटाला दोरी सरळ लागत होती. डोळ्याला बोट वाकड्या वाटेने जाताना दिसत होतं, आणि दबलेल्या जागी पोचल्यावर बोटाचं टोकच पुसल्यासारखं झालं. मी उजवा डोळा मिटला. दोरी सरळ. डावा मिटला, उजवा उघडला. दोरी वाकडी. पलीकडची टक-टक केव्हाच थांबली होती. मी मान वर केली. एवढी माणसं दोरी बघायला जमली होती आणि दोरीकडे कोणीही बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. जाळीपलीकडे निळा टी-शर्ट होता, जाळीच्या भोकांत बोटं अडकवून उभा.

तशाच गुडघ्यावर बसलेल्या अवस्थेत माझं डोकं आपल्या सवयीने चालू लागलं, दुसरं काही त्याला येतच नव्हतं. फायदा कोणाला? जाड रेषेचा फायदा ज्याला बारीक रेषा धड दिसत नाही त्याला. मागच्या गडद कापडाचा आणि नारिंगी चेंडूचा फायदा ज्याचा चेंडू उजेडात हरवतो त्याला. पायरीची पिवळी कड, बाजूचा कठडा, न्हाणीघरातला दिवा, गेलेला पायपोस. निळे पेले, कारण साध्या काचेच्या पेल्यात पाणी कुठवर आलं ते कोणाला तरी दिसत नव्हतं आणि तो टेबलावर पाणी सांडत होता आणि पेला तिरका ठेवला म्हणून बायकोवर चिडत होता. सगळ्या सुधारणांचा लाभार्थी एकच निघत होता. कट खरा होता. मी पहिल्या दिवशी ओळखला तसाच, सगळ्यांनी मिळून, बसून, शब्द ठरवून केलेला. फक्त त्याचा फायदा कोणाला हे शोधताना मी त्यात बसवून पाहिली नाही अशी एकच व्यक्ती होती.

"सरळ आहे," मी म्हणालो. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो. "रेषा सरळ आहे."

सरांनी आणि जावयाने दोरी खाली ठेवली. डॉक्टर पुढे आला, त्याने ती हळूहळू हातावर गुंडाळली आणि माझ्या खिशात घातली. बाकीच्यांना त्याने नुसत्या नजरेने घालवलं. आम्ही दोघं बाकावर बसलो. मी त्याची माफी मागितली. त्याने हाताने माशी वारावी तसं केलं. मी विचारलं, केव्हापासून. तो म्हणाला, वहिनींच्या लक्षात आधी आलं, मग माझ्या, तुझे 'बाहेर' वाढले तेव्हा. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं?

"सांगितलं. डोळे तपासून घे म्हटलं तर काय म्हणालास आठवतंय? चष्मेवाल्याशी तुझं साटंलोटं आहे का, म्हणालास."

म्हणालो होतो. माझ्या आवाजासकट मला ते आठवलं. मग मी विचारलं, किती गुण सोडलेस. तो म्हणाला, मोजले नाहीत.

"आणि मी जिंकलो ते?"

"काही तू खरंच जिंकलास."

"कुठले?"

"आता ते कसं सांगू?"

मला राग आला. उपकार समजायला हवे होते, तसे समजतही होते, पण राग आला तो आलाच. त्याने मला फसवलं असतं तर मी त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो. त्याने मला जिंकू दिलं होतं, आणि घरी जाऊन मी बायकोला त्या जिंकण्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या होत्या, आणि तिने सगळं ठाऊक असूनही त्या ऐकल्या होत्या. मी म्हटलं, यापुढे माझ्यावर दया करू नकोस. तो म्हणाला, बरं. पण हे 'बरं' त्या मान हलवण्यासारखंच वाटलं, आणि मी उठलो.

घरी मी एकटाच पुढे आलो. दाराशी किल्ली काढली, कुलपात घातली, आणि तेव्हा मला दिसलं की किल्ली मी बघून घातलीच नव्हती, कुलपाच्या भोकाभोवतीच्या लाल कड्यावर रोखून घातली होती. इतके दिवस तसंच घालत होतो. जवळ जाऊन पाहिलं. नेलपॉलिशचं कडं होतं, एका बाजूला ओघळलेलं. स्वयंपाकघरात गॅसच्या बटणांवर तसाच एकेक ठिपका, बंद असतं त्या जागी. औषधाच्या डबीच्या झाकणावर. माझ्या मोबाईलच्या कडेच्या बटणावर. मी घरभर फिरलो. जळालेल्या दुकानात फिरायचो तसा फिरलो, आणि जिथे जिथे माझा हात रोज जात होता तिथे तिथे माझ्याआधी तिचा हात पोचलेला सापडत गेला. ती आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसलेलो होतो. ती दारातच थांबली.

"मी तुझ्याबद्दल काय काय विचार केला ते तुला माहीत नाही," मी म्हणालो.

"अंदाज आहे," ती म्हणाली. "एवढी वर्षं कोणाबरोबर राहतेय मी?" ती गुडघ्यावर हात ठेवून सावकाश माझ्या शेजारी खाली बसली. "तुमचा विश्वास बसेल असं काही माझ्या हातात नव्हतं हो. म्हटलं, स्वतःचं स्वतःला दिसेपर्यंत खेळ तरी चालू राहू दे."

मी विचारलं, मग ते पिकलबॉल? ती म्हणाली, चेंडू मोठा असतो, हळू येतो, कोर्ट लहान. आज ना उद्या तुम्हाला तिकडे यावं लागणार, आणि तुम्ही एकटे काही यायचे नाहीत, म्हणून आधी मी शिकून ठेवलं. माझे गुडघे काय तिथे नाचायला उतावीळ झाले होते का? मी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. तिने मला पाणी दिलं, निळ्या पेल्यात.

डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्याच्या आतल्या पडद्याची चित्रं काढली, डोळ्यात सुई टोचायची तारीख दिली आणि सांगितलं की वाकडी झालेली रेषा पुन्हा सरळ होईलच असं नाही, आणखी वाकू नये एवढं बघू. मी त्याला पुष्कळ उलटसुलट प्रश्न विचारले. बायको शेजारी बसून छताकडे बघत होती. पुढे मी चार नंबरवर गेलो. थापी हातात घेताना लाज वाटली, अगदी खरं सांगतो. तीन नंबर पलीकडे रिकामं पडलं होतं, हिरव्या कापडासकट. मी आणि बायको एका बाजूला, डॉक्टर आणि त्याचा जावई दुसऱ्या बाजूला, सर बाहेर बाकावर. पहिल्या काही चेंडूंना मी नुसती हवाच धोपटली. मग थोडं जमायला लागलं. पण माझं लक्ष चेंडूपेक्षा डॉक्टरवर होतं: हा मुद्दाम माझ्या हातात देतोय का, आता मारला तो खरा मारला का, जावई अडखळला तो खरंच अडखळला का. एकदा संशयाने बघायची सवय लागलेला माणूस उपकारातही खोट शोधतो. बायको म्हणाली, खेळा. मी खेळलो. मग डॉक्टरचा एक चेंडू उंच आला, माझ्या डोक्यावरून मागे गेला आणि रेषेच्या आसपास कुठेतरी टप्पा पडला. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"बाहेर."

डॉक्टर जागेवर उभा होता. आता हा मान हलवणार, पुढचा चेंडू घेणार, आणि मग मी पुन्हा या क्लबात पाऊल टाकणार नाही, एवढं माझं पक्कं झालं. तो जाळ्यापर्यंत चालत आला. त्याने थापी कमरेला लावली.

"काय रे, डोळे गहाण ठेवलेस का? चांगला वीतभर आत होता."

जावई घाबरून त्याच्याकडे बघायला लागला. माझ्या अंगातून काहीतरी उतरून गेलं, भरलेल्या पिशव्या खाली ठेवाव्यात तसं. पण लगेच दुसऱ्या बाजूने पाल चुकचुकलीच: हेही ठरवून तर नाही? मला बरं वाटावं म्हणून पुन्हा सगळ्यांनी बसून? मी वळून बायकोला विचारलं, कुठे पडला.

"वीतभर कसला," ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "रेषेला जेमतेम चिकटला. पण आतच."

मी जावयाकडे पाहिलं. तो म्हणाला, उन्हामुळे मला दिसलाच नाही. बाकावरून सर म्हणाले, मला तर बाहेर वाटला बुवा.

चार माणसं, आणि कोणाचं कोणाशी जुळत नव्हतं. मी तिथेच उभा राहून ते पुन्हा एकदा मनाशी ऐकलं. मग वाकून चेंडू उचलला, त्याच्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि बायकोचा शब्द घेतला.

"आत," मी म्हणालो, आणि चेंडू जाळ्यावरून डॉक्टरकडे टाकला.